पहिली ते चौथीतल्या मुलांसोबत घरी काय काय करता येईल? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी, आणि घरात असतील तर आजीआजोबांसाठी, ही उत्तरं लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे, तो आधीच सांगते. मुलाने मोजलेलं, वाचलेलं, लिहिलेलं घरात खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. "पाच आंबे आणि तीन आंबे मिळून किती?" असं विचारलं की ती तोंडी परीक्षा होते. "रात्री सात जण जेवायला आहेत, प्रत्येकाला दीड आंबा तरी यायला हवा, पेटीतले पुरतील का बघ" असं म्हटलं की ते घरातलं काम होतं. मूल परीक्षेपासून पळतं, कामाला मात्र जीव लावतं.

नोकरीवरून घरी यायलाच साडेसात होतात. हे सगळं करायचं कधी?

वेगळा वेळ काढायला जाऊ नका, तो निघत नाही. जी कामं रोज होणारच आहेत त्यांतलं एखादं मुलाच्या नावावर करून टाका. दुधाचा हिशोब हे त्यातलं सगळ्यात सोपं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती दूध घेतलं ते मुलाने लिहायचं, खाडा असेल त्या दिवशी फुली मारायची आणि महिनाअखेरीला एकूण लिटर व पैसे काढून दूधवाल्या काकांना सांगायचे. दुसरीतलं मूल नुसती बेरीज करत बसेल. चौथीतलं मूल गुणाकार करेल आणि अर्ध्या लिटरच्या दिवसांपाशी अडेल. तिथे लगेच मदतीला धावू नका, अडू द्या थोडं. काकांचा आकडा आणि मुलाचा आकडा जुळला नाही तर दोघांनी मिळून कॅलेंडर बघायचं. गणिताचा ताळा करण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

रोज दहा मिनिटं पुरतात. त्या दहा मिनिटांत तुमचा फोन दुसऱ्या खोलीत असावा, एवढीच अट.

स्वयंपाकघरात मूल लुडबुड करतं. त्यातून शिकवता येईल असं नेमकं काय आहे?

गॅस, विळी आणि उकळतं पातेलं मोठ्यांकडे ठेवा, बाकी सगळं खुलं करा. स्वयंपाकघरासारखी प्रयोगशाळा कुठल्याही प्राथमिक शाळेत नसते.

दही लावण्यापासून सुरुवात करा. एका वाटीत कोमट दूध घेऊन विरजण लावा आणि ती ओट्यावर ठेवा. दुसरी तशीच वाटी फ्रिजमध्ये ठेवा. तिसऱ्या वाटीत चांगलं कढत दूध घेऊन त्यात विरजण घाला. झोपण्यापूर्वी मुलाने अंदाज लिहून ठेवायचा की सकाळी कुठल्या वाटीत दही लागलेलं असेल. अंदाज लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण लिहिलं नाही तर सकाळी सगळीच मुलं "मला माहीतच होतं" म्हणतात. ओट्यावरचं लागेल, फ्रिजमधलं जवळजवळ दूधच राहील आणि कढत दुधातलंही बहुधा बिघडेल. विरजणात जिवंत जिवाणू असतात, थंडीत ते सुस्तावतात आणि फार उष्णतेने मरतात, हे सांगायला मग दोन वाक्यं पुरतात, कारण मुलाने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

इडलीचं पीठ आंबवायला ठेवाल तेव्हा पातेल्याला बाहेरून पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा. सकाळी पीठ किती बोटं वर आलं ते मुलाने पट्टीने मोजायचं. हेच मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरात केलं तर आजी थंडीत पीठ उबेला का ठेवते, याचं उत्तर मूलच देईल.

हळदीचा प्रयोग तर मुलं पुन्हा पुन्हा मागतात. थोडी हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला फासा आणि वाळू द्या. कापडी साबणाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून त्या कागदावर लिहिलं की अक्षरं लालसर उमटतात. वरून लिंबू चोळलं की लाली जाऊन पिवळा रंग परत येतो. आम्ल आणि अल्कली हे शब्द पुढे शाळेत येतीलच. आत्ता मुलाला एवढंच विचारा, की वरणाचा डाग पडलेला शर्ट साबण लावल्यावर लाल का झाला? हळदीत चुना मिसळून पूर्वी कुंकू करत, तेही याच रंगबदलामुळे. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून निघणारं पाणीही असाच रंग पालटतं, लिंबाने गुलाबी-लाल आणि सोड्याने हिरवट.

भात लावताना पाण्याचं माप मुलावर सोपवा. एका वाटीला दोन वाट्या पाणी, आज तांदूळ अडीच वाट्या, मग पाणी किती? त्याने सांगितलं तेवढंच घाला. एखाद्या दिवशी भात गिच्च झाला तर तोच ताटात वाढा आणि उद्या किती घालायचं ते त्यालाच ठरवू द्या.

पाढे पाठच होत नाहीत. रोज रडारड होते. काही उपाय?

पाठांतराच्या मी विरोधात नाही. 'बे एके बे, बे दुणे चार' ही लय सुंदर आहे आणि ती कानात राहते. पण पाढा म्हणजे काय, हे हाताला कळायच्या आधी तोंडाला शिकवला तर मूल मध्येच अडकतं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागतं. म्हणून आधी मांडायला लावा. चिंचोके, शेंगदाणे, बटणं, जे असेल ते. चारचार चिंचोक्यांच्या सहा रांगा लावायच्या आणि मोजायच्या. मग ताटलीच्या बाजूला येऊन बघायचं. आता त्याच सहासहाच्या चार रांगा दिसतात. चार सक चोवीस आणि सहा चोक चोवीस एकच आहेत, हे ज्या दिवशी मुलाला दिसतं त्या दिवशी त्याचं निम्मं पाठांतर संपतं.

नऊच्या पाढ्यात मुलांना खजिना सापडल्यासारखं होतं. १८, २७, ३६, ४५ असं खाली खाली लिहून घ्या आणि काय दिसतं ते विचारा. सांगू मात्र नका. दशकाचा अंक एकेकाने वाढतो, एककाचा एकेकाने कमी होतो आणि दोन्हींची बेरीज दर वेळी नऊ येते, हे मूल स्वतःच ओरडून सांगेल.

घरात पणजोबा-पणजी असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी येते का ते विचारा. अपूर्णांकांचे हे पाढे एके काळी आपल्याकडे मुलांकडून घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलाने ते सगळे पाठ करावेत असं मी म्हणणार नाही, पण पावकी आणि निमकी भाजी घेताना अजूनही कामाला येते. पाव किलोला वीस रुपये तर पाऊण किलोला किती, हे भाजीवाल्या मावशींच्या आधी मुलाने सांगितलं तर त्याला जो आनंद होतो तो वहीवरच्या शेऱ्याने होत नाही.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. 'एकोणसत्तर' म्हटलं की गोंधळते. मराठी आकडे कसे शिकवू?

गोंधळणं साहजिक आहे, मराठी माध्यमातली मुलंही गोंधळतात. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस, लिहायचे मात्र आधी दोन. म्हणून कितीतरी मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली ती याच अडचणीमुळे. त्यावर महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. गणिताच्या समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा आकड्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांचा आणि या उलट्या क्रमाचा मुद्दा शांतपणे मांडला होता. घरी तुम्हाला बाजू निवडायची गरज नाही. दोन्ही म्हणा: "सत्तावीस, म्हणजे वीस सात." एक आकडा दोन नावांनी ओळखीचा झाला की भीती जाते.

सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे हाउजी, म्हणजेच तंबोला, पूर्णपणे मराठीतून. आकडे १ ते ९०, प्रत्येक तिकिटावर तीन ओळी आणि पंधरा आकडे. तिकिटं बाजारातून आणण्यापेक्षा वहीच्या पानावर रेघा मारून मुलीकडूनच करून घ्या. नऊ रकाने दशकांप्रमाणे भरायचे असल्याने तिकीट करतानाच अर्धा अभ्यास होतो. आकडे पुकारायचं काम तिच्याकडे द्या. पहिल्या दिवशी तिच्याजवळ आकडे आणि नावं लिहिलेला तक्ता असू द्या. 'एकोण' म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, ही किल्ली तिला द्या: एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर. मामा, मावशी, शेजारचे काका सगळे तिच्या आवाजाकडे कान लावून बसलेले असतात, त्यामुळे ती चुकीचा आकडा पुकारणार नाही याची काळजी स्वतःच घेते.

आता सगळं फोनवरूनच भरतो. मुलाला पैशांचा व्यवहार कळणार कसा?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. क्यूआर कोडसमोर फोन धरला की सामान मिळतं, एवढंच आजचं मूल बघतं. सुट्टे परत येणं, मोजून घेणं, दहाच्या नोटेऐवजी दहाचं नाणं मिळणं हे त्याच्या डोळ्यांसमोर घडतच नाही. आठवड्यातून एक खरेदी तरी रोखीने करा आणि ती मुलाला करू द्या. कोथिंबीर, लिंबं, आलं. पन्नासची नोट त्याच्या हातात, तुम्ही दोन पावलं मागे. परत किती यायला हवेत ते निघण्यापूर्वीच त्याने काढलेलं असावं.

नोटाही नीट बघायला लावा, त्यांच्यावर अख्खा भूगोल आहे. सध्याच्या महात्मा गांधी मालिकेतल्या नव्या नोटांवर मागच्या बाजूला १० रुपयांवर कोणार्कचं सूर्यमंदिर, २० वर वेरूळची लेणी, ५० वर हंपी, १०० वर गुजरातेतली राणी की वाव, २०० वर सांचीचा स्तूप आणि ५०० वर लाल किल्ला आहे. भारताच्या नकाशावर ही सहा ठिकाणं शोधायची आणि आपल्या घरापासून कुठलं जवळ ते ठरवायचं. मागच्याच बाजूला पंधरा भाषांमध्ये नोटेची किंमत लिहिलेली असते. इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने त्या लावल्या आहेत, त्यामुळे मराठी आठवी, बरोबर मधोमध येते. देवनागरीत लिहिलेल्या भाषा त्यात किती, ते मुलाला शोधू द्या. कोंकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत असं करत करत तो चारापर्यंत पोचेल.

वाचनाची गोडी कशी लावू? पुस्तक हातात घेतलं की जांभया येतात.

मूल स्वतः वाचायला लागलं की आईबाबा वाचून दाखवणं बंद करतात. तिथेच बिघडतं. पहिलीदुसरीतल्या मुलाला स्वतः वाचता येणाऱ्या गोष्टी त्याच्या समजेपेक्षा खूप सोप्या असतात, त्यामुळे त्या कंटाळवाण्या वाटतात. त्याला झेपणारी खरी रंगतदार गोष्ट अजून तुमच्याच तोंडून यायला हवी. चौथीपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, रोज रात्री वाचून दाखवा. गोष्ट ऐन रंगात आली की थांबा आणि पुस्तक उशाशी ठेवून द्या. पुढे काय झालं ते बघायला मूल एखाद्या दिवशी स्वतःच पान उलटेल.

मूल मोठ्याने वाचत असताना प्रत्येक शब्द दुरुस्त करू नका. अर्थ बदलत नसेल तर जाऊ द्या. अर्थ बिघडला तर वाक्य संपू द्या आणि मग फक्त "असं म्हणाला तो?" एवढं विचारा. ते परत जाऊन बघतं.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या सचित्र गोष्टी पातळीनुसार मोफत आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. तुमच्या लहानपणी, तुम्ही चौथीत असताना निघालेला अंक शोधून दोघांनी मिळून चाळा. गावातलं सार्वजनिक वाचनालय असेल तर मुलाचं नाव तिथे घाला आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. भुतांचं निवडलं तरी चालेल, विनोदांचं निवडलं तरी चालेल.

लिहायचा तर त्याहून कंटाळा. शुद्धलेखनाची वही बघितली की पोट दुखतं.

त्याला वाचणारं खरं माणूस द्या. पोस्टात जाऊन पोस्टकार्डं आणा, अजूनही पन्नास पैशांना मिळतात. गावाकडच्या आजीला, बदलून गेलेल्या मित्राला, सुट्टीत भेटलेल्या आत्तेबहिणीला कार्ड जाऊ द्या. जागा थोडी, त्यामुळे मुलाला दडपण येत नाही. कार्ड मुलाने स्वतःच पेटीत टाकायचं. तिकडून उलट टपाली उत्तर यावं यासाठी आजीला आधी फोन करून ठेवा, कारण उत्तर आलं तरच दुसरं पत्र लिहिलं जातं.

पत्ता लिहिताना पिनकोडची गोष्ट सांगा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा आकडी पद्धत सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे अभ्यासक. पहिला आकडा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. मुंबईचे पिन ४०० ने सुरू होतात, गोव्याचे ४०३, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४० ने. घरी आलेल्या पाकिटांवरचे, कुरिअरच्या खोक्यांवरचे पिन गोळा करून कुठलं पार्सल किती लांबून आलं ते नकाशावर टिंब देऊन दाखवायचं, हा खेळ मुलांना महिनाभर पुरतो.

वाणसामानाची यादी, फ्रिजवर लावायची चिठ्ठी, पाहुण्यांना घराचा रस्ता दाखवणारा नकाशा हीसुद्धा लेखनाची कामं आहेत. नकाशा मुलाने काढावा आणि येणाऱ्या पाहुण्याला खरोखर तोच पाठवावा. "देवळापासून डावीकडे" लिहायचं विसरलं तर पाहुणे फोन करतील, मग तो सुधारेल.

आजीआजोबांना यात कसं सामील करून घ्यावं?

त्यांना शिकवायला बसवू नका, खेळायला बसवा. चल्लस-आठ किंवा चौकाबारा, तुमच्या भागात जे नाव असेल ते, पाच बाय पाच घरांचा पट खडूने फरशीवर आखता येतो. चार कवड्या टाकायच्या. जेवढ्या उताण्या पडतील तेवढं दान, चारही पालथ्या पडल्या की आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. सोंगटी कुठली हलवायची, मारायची की घरात न्यायची, यात मुलाची जी बुद्धी लागते ती कुठल्याच कार्यपुस्तिकेत लागत नाही.

चौथीतल्या मुलासाठी एक पायरी पुढे जा. कवड्यांऐवजी चार नाणी उडवायची आणि छापे किती पडले त्याच्या रेघा मारत जायचं. पन्नाससाठ वेळा उडवल्यावर 'दोन छापे' सगळ्यात जास्त आणि 'चारही छापे' अगदी कमी वेळा दिसतील. का? चारही छापे पडण्याची एकच रीत आहे, एकही न पडण्याचीही एकच, दोन पडण्याच्या मात्र सहा. नाणी ओळीने मांडून त्या सहाही रीती मुलाला शोधता येतात. चार आणि आठ पडल्यावर जास्तीचं दान का मिळतं, हे मग आजोबांना नातवंडच समजावून सांगतं.

कोडी तर आजीकडे असणारच. "तीन जण वाढायला, बारा जण जेवायला" याचं उत्तर घड्याळ. "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया" म्हणजे चांदण्या आणि चंद्र. "एवढंसं कार्टं, घर राखतं" म्हणजे कुलूप. पाचसहा कोडी झाली की मुलाला नवं कोडं रचायला सांगा. मिक्सरवर, लिफ्टवर, चार्जरवर. वस्तूचं नाव न घेता वर्णन करणं हा निबंधाचा पाया आहे.

सागरगोटे खेळायला मुलग्यांनाही बसवा. एक हवेत, बाकीचे उचलायचे, नजर आणि हात एकत्र चालायला हवेत. अक्षर सुधारायला याची मदत होते असा माझा अनुभव आहे.

विज्ञानाचे प्रयोग करायचे तर किट आणावं लागेल ना?

नाही. खेळण्यांच्या दुकानातली महागडी किटं एकदा उघडली जातात आणि कपाटात जातात. कचऱ्यातून खेळणी कशी करायची हे पाहायचं असेल तर अरविंद गुप्ता यांचं काम बघा. आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या या माणसाने पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात वर्षानुवर्षं काड्यापेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब वापरून शेकडो खेळणी केली आणि सगळी माहिती मोफत खुली ठेवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते आकाशाचे प्रयोग, कारण त्यांना काहीच लागत नाही. अंगणात किंवा गच्चीत एक काठी सरळ उभी करा आणि दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सावली सगळ्यात लहान कधी होते? मुलं ठामपणे "बाराला" सांगतात. पुण्यामुंबईत ती साधारण साडेबाराच्या पुढे सगळ्यात लहान होते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला राहतो. आणि महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोन दिवस सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. दक्षिण कोकणात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यामुंबईत मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या शेवटी. मग पावसाळ्यात पुन्हा एकदा, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत. मेमधला आपल्या गावाचा दिवस पेपरात येतो. त्या दिवशी गच्चीवर बाटली, पेला, डबा, स्वतः मूल, सगळे रांगेत उभे करा.

जूनमध्ये पर्जन्यमापक. सरळ कडांची बरणी मोकळ्यावर ठेवा, बाहेरून पट्टी चिकटवा. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही तीच वेळ धरा. शाळा सकाळची असेल तर दुसरी ठरवा, पण रोज एकच. बरणीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या गच्चीवर कालच्या पावसात किती लिटर पडलं, ते मूल काढू शकतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. भिंतीवर जमिनीपासून ९४.४ सेंटिमीटरवर खूण करा आणि मुलाला शेजारी उभं करा. दुसरीतल्या मुलाच्या छातीपर्यंत ती येते. त्यानंतर पेपरातला पावसाचा आकडा त्याला पुन्हा कधी नुसता आकडा वाटत नाही.

एसटीत किंवा गाडीत बसलं की लगेच मोबाइल मागतो.

नंबरप्लेट वाचायला लावा. एमएच १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, ११ सातारा, ०९ कोल्हापूर, ०७ सिंधुदुर्ग, ३१ नागपूर. प्रवासात किती जिल्हे भेटले त्याची यादी ठेवायची. आपल्याकडे जिल्हे ३६ आहेत, २०१४ मध्ये पालघर झाला तेव्हापासून. मोठ्या मुलाला नंबरमधल्या चार अंकांपासून दहा करून दाखवायला सांगा, बेरीज, वजाबाकी, काहीही वापरून. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांचे रंगही बघा: पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्यमार्गाचं. आणि भेंड्या आहेतच.

मोबाइल पूर्ण बंद करावा का?

घरातले मोठे दिवसभर वापरत असताना ते जमणार नाही, आणि मुलाला तो अन्याय वाटेल. मला वेळेच्या मोजमापापेक्षा त्या वेळात काय सुटलं याची काळजी जास्त वाटते. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं धापा लागतील असं खेळायला सांगते. लगोरी, डबा ऐसपैस, विटीदांडू, लंगडी यांत तो तास कधी जातो कळत नाही. तो तास, झोप आणि जेवताना गप्पा एवढं झालं का ते बघा. मग उरलेल्या वेळात फोन साधन म्हणून द्या: आजीचं जात्यावरचं गाणं रेकॉर्ड कर, परसातल्या फुलपाखराचा फोटो काढ, पावसाचा थेंब स्लो मोशनमध्ये टिप.

उत्तर चुकलं तर काय म्हणायचं?

"कसं काढलंस?" बरोबर आलं तरी हेच विचारा, म्हणजे हा प्रश्न आला की आपण चुकलो असं मुलाला वाटणार नाही. चुकीमागे बहुतेक वेळा काहीतरी तर्क असतो. ४२ मधून १७ वजा करून ३५ सांगणाऱ्या मुलाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवलेले असतात. ते एकदा दिसलं की दहादहाच्या नोटा आणि सुट्टी नाणी मांडून "आता सात कसे देशील?" एवढंच विचारायचं असतं. पाहुण्यांसमोर पाढे म्हणून दाखवायला लावणं मात्र कृपया थांबवा.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. मराठी फक्त घरात कानावर पडतं.

मग घरातलं मराठी भरपूर हवं. एक काम पूर्ण मराठीत ठरवून घ्या, उदाहरणार्थ रविवारचं जेवण: जिन्नसांची नावं, कृती, माप, पुढे-मागे, चिरणं, किसणं, परतणं, सगळं मराठीत. क्रियापदं अशीच येतात, शब्दांच्या यादीतून येत नाहीत. व्हिडिओ कॉलवर आजीला मुलाने पदार्थाची कृती सांगायची आणि आजीने ती तिकडे करून बघायची. उत्तर अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अनेक शहरांत आहेत. मूल इंग्रजीत किंवा कानडीत उत्तर देत असलं तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा, त्याला टोकू नका.

दोन मुलं, एक पहिलीत आणि एक चौथीत. एकाच खेळात दोघं कशी रमतील?

काम एकच, भूमिका वेगळ्या. दुकान-दुकान खेळताना लहान्याने सामान मोजून द्यायचं, मोठीने बिल करायचं. स्पर्धा शक्यतो आईबाबांविरुद्ध दोघांची जोडी अशी लावा.

शाळेच्या प्रकल्पात किती मदत करावी?

सामान आणून द्या, कात्री धरायला मदत करा आणि बाजूला व्हा. वाकडातिकडा पण त्याचा स्वतःचा असू दे.

सगळं करूनही मूल वाचताना फारच अडखळतं. काळजी करावी का?

आधी नजर आणि ऐकणं तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे लहान मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. दोन्ही ठीक असेल आणि तिसरीपर्यंत अक्षरं उलटी येणं, ओळ सुटणं, तोंडी हुशार पण लेखी काहीच नाही असं चालू राहिलं, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे शाळेकडून सवलती आणि मदत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अशा मुलाला "लक्ष देत नाहीस" म्हणणं तेवढं आजपासून बंद करा. तपासणीला जाताना गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या वह्या सोबत न्या, आणि मूल घरी काय काय छान करतं त्याची यादीही. डॉक्टरांना दोन्ही लागतं.